‘ओरा प्रो नोबिस’: कॅथलिक लोक मरियेची पूजा करतात का?

सप्टेंबरात बांद्र्याच्या जत्रेला गेलात, तर मोत मावलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, वाटेवर मेणाचे अवयव विकायला मांडलेले दिसतात. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं बाळ, मेणाचं घर. गुडघा धरला असेल त्याने पाय घ्यायचा, पाळणा हलत नसेल त्यांनी बाळ, भाड्याच्या खोलीला कंटाळलेल्यांनी घर. वर चर्चमध्ये जाऊन ते मावलीपुढे ठेवायचं आणि नवस बोलायचा किंवा फेडायचा. ८ सप्टेंबर हा येशूची आई मरिया हिचा जन्मदिवस, त्याच्या पुढच्या रविवारपासून आठवडाभर ही जत्रा चालते. रांगेत कॅथलिकांबरोबर हिंदू असतात, पारशी असतात, मुसलमानही असतात.

रांगेतल्या एखाद्या जाणत्या कॅथलिक बाईला विचारून बघा, “मरियेची पूजा करायला आलात?” ती बहुधा थांबवेल. “पूजा नाही हो. पूजा फक्त देवाची. मरियेला आम्ही मान देतो, तिला सांगतो आमच्यासाठी विनंती कर.” हेच एखाद्या पेंटेकोस्टल, म्हणजे प्रॉटेस्टंटांमधल्या एका पंथाच्या, ख्रिस्ती माणसाने ऐकलं, तर तो त्या मेणाच्या पायाकडे बोट दाखवेल. गुडघे टेकलेत, मेणबत्ती लावलीत, नवस बोललात, डोळे मिटून मागणं मागितलंत. ही पूजा नाही, तर मग पूजा कशाला म्हणायचं?

हा वाद किमान पाचशे वर्षं असाच चालला आहे. माझ्या मते तो सुटत नाही याचं मुख्य कारण मरिया नाही. ‘आराधना’ म्हणजे नेमकं काय, याचाच दोघांच्या डोक्यातला अर्थ वेगळा आहे.

मराठी हिंदू वाचकाला तर हे भांडण मुळातच विचित्र वाटेल. आपल्याकडे पूजा हा शब्द फार सैल. दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, पोळ्याला बैलाची, दिवाळीत चोपड्यांची. लग्नात जावयाचे पाय धुतात, तीही पूजाच. नमस्कार देवाला, तसाच आजीला. पण यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेत दहा आज्ञांतली पहिलीच आज्ञा अशी, की माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत. तिथे देव आणि बाकी सगळं यांच्यामध्ये एक भिंत आहे. संत, देवदूत आणि खुद्द येशूची आई हे सगळे भिंतीच्या अलीकडे, निर्माण केलेल्यांच्या बाजूला. भिंतीपलीकडचं अलीकडे कुणाला दिलं, तर ती मूर्तिपूजा, आणि मूर्तिपूजा हे मोठं पाप. म्हणून ‘मान’ आणि ‘आराधना’ यांतला फरक त्यांच्यासाठी जीवनमरणाचा.

कॅथलिक चर्चने हा फरक तीन शब्दांत बांधला आहे. मूळ ग्रीक शब्द लॅटिनमध्ये आले आणि तसेच राहिले. ‘लात्रिया’ म्हणजे आराधना, ती फक्त देवाची. ‘दुलिया’ म्हणजे संतांना दिला जाणारा मान. आणि ‘हायपरदुलिया’ म्हणजे मरियेला मिळणारा वरचा मान, कारण संत पुष्कळ आणि देवाची आई एकच. ऐकताना वाटतं, की एकाच जिन्याच्या या तीन पायऱ्या असाव्यात: थोडा मान, जास्त मान, सर्वांत जास्त मान म्हणजे आराधना. नेमकं तसं नाही. दुलिया कितीही वाढवली तरी तिची लात्रिया होत नाही, असं चर्चचं म्हणणं. आईवरचं प्रेम कितीही वाढलं तरी त्याचं बायकोवरचं प्रेम होत नाही, जात वेगळी, तसं काहीसं.

कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात फरक कुठे दिसतो? गोव्यात मे महिन्याच्या संध्याकाळी वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदीन होते तिथे जाऊन उभं राहा. खुरसाला झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, एक व्हायोलिनवाला, शेवटी उकडलेले चणे. लदीन म्हणजे लॅटिन लितानी, एकाने बिरुद म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. म्हणणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना लॅटिन येतं, पण चाल आणि शब्द तोंडात बसलेले असतात. आता कान देऊन ऐका. सुरुवातीला देवाला, ख्रिस्ताला, पवित्र आत्म्याला हाक जाते, तेव्हा उत्तर येतं, ‘मिझेरेरे नोबिस’, आमच्यावर दया कर. मग ‘सांक्ता मारिया’ येतं आणि उत्तर फिरतं: ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर. मग पहाटेचा तारा, सोन्याचं घर, दुखणाइतांचं आरोग्य अशी एकाहून एक सुंदर बिरुदं येत राहतात, पण उत्तर ‘ओरा प्रो नोबिस’ एवढंच. शेवटी पुन्हा ख्रिस्ताकडे वळतात आणि उत्तर पुन्हा ‘मिझेरेरे नोबिस’ होतं. दया देवाकडे मागायची आणि शिफारस मरियेकडे. लोरेटोची म्हणून ओळखली जाणारी ही लितानी पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ मध्ये मान्य केली. चर्चचं सगळं शास्त्र त्या दोन उत्तरांत आहे.

पण वादाचं खरं कुलूप याच्याही खाली आहे. कॅथलिक माणसासाठी आराधनेचं शिखर म्हणजे मिस्सा, वेदीवरचं अर्पण. यज्ञ म्हणा हवं तर. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने हाच मुद्दा मांडला होता. हुतात्म्यांच्या समाधीवर आम्ही वेदी बांधतो खरी, पण ‘हे पेत्रा, हे पौला, तुला हा बळी अर्पण करतो’ असं म्हणणारा धर्मगुरू कुणी कधी ऐकला आहे का? मरियेच्या सणाचा मिस्सासुद्धा मरियेला अर्पण होत नाही, तो तिच्या स्मरणात देवाला अर्पण होतो. म्हणून कॅथलिक माणसाला मरियेपुढे गुडघे टेकताना अपराधी वाटत नाही. त्याच्या लेखी आराधनेची खूण गुडघे नाहीत, अर्पण आहे.

सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी हे अर्पणच नाकारलं. ख्रिस्ताचा बळी एकदाच झाला, तो वेदीवर परत होत नाही, प्रभुभोजन म्हणजे यज्ञ नव्हे. बरं, यज्ञ काढून घेतला तर आराधनेत उरलं काय? प्रार्थना, स्तुतिगीतं, वचन. त्यामुळे प्रॉटेस्टंट घरात वाढलेल्या माणसासाठी प्रार्थना हीच आराधना. तो कॅथलिक शेजाऱ्याला मरियेची प्रार्थना करताना, तिची गाणी म्हणताना बघतो, तेव्हा त्याला दिसते ती आराधनाच. त्याचं चुकतंय असं म्हणता येत नाही. एकाच्या तराजूत अर्पण आहे, दुसऱ्याच्या तराजूत प्रार्थना, आणि दोघे एकमेकांचं वजन आपापल्या तराजूवर करताहेत.

यावर एक जुना दाखला मला फार बोलका वाटतो. चौथ्या शतकात सायप्रसमधल्या सालामिसचा बिशप एपिफानियस याने पाखंडांची एक लांबलचक यादी लिहिली. त्यात अरबस्तानातल्या काही बायकांचा उल्लेख येतो. वर्षातल्या एका ठरावीक काळात त्या एका आसनावर कापड अंथरत, त्यावर मरियेच्या नावाने भाकरी ठेवून अर्पण करत आणि मग सगळ्याजणी ती खात. अशा भाकरीच्या ग्रीक नावावरून त्यांना ‘कोलिरिडियन’ म्हटलं गेलं. एपिफानियस भडकला, आणि बायका पुरोहितपण करतात याचाही राग त्यात भरपूर आहे, तो वाचताना लपत नाही. पण त्याचा निकाल स्पष्ट होता: मरियेला मान असू द्या, आराधना मात्र पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याची, मरियेची आराधना कुणीही करू नये. या बायकांची माहिती आपल्याला त्याच्याकडूनच मिळते, त्यामुळे असा पंथ खरंच होता का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण त्याने बोट कुठे ठेवलं ते बघा: भाकरीवर, म्हणजे अर्पणावर. आणि हा बिशप प्रॉटेस्टंट नव्हता, कॅथलिक चर्च त्याला संत मानतं.

त्यानंतर काही दशकांनी, ४३१ मध्ये, एफेससला परिषद भरली. मरियेला ‘थिओटोकोस’ म्हणजे देवजननी म्हणावं का, हा प्रश्न होता. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस म्हणाला, ‘ख्रिस्तजननी’ म्हणा, देवाला आई कुठून? अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल विरुद्ध बाजूला. सिरिलची बाजू जिंकली आणि गावातल्या लोकांनी बिशपांना मशाली धरून मुक्कामावर पोचवलं. भांडण खरं तर येशूबद्दल होतं: जन्माला आला तो देवच होता की देव नंतर त्याच्यात उतरला? मरियेचं बिरुद हा त्याचा परिणाम. हे बिरुद प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन लूथर यालाही मान्य होतं. १५२१ मध्ये त्याने मरियेच्या स्तोत्रावर जे विवेचन लिहिलं, त्यात तिच्याबद्दल आदर ओसंडतो आहे. आजच्या कित्येक प्रॉटेस्टंटांना ते वाचून अवघडल्यासारखं होईल.

म्हणजे प्रॉटेस्टंटांची हरकत मरियेला मोठं म्हणण्याला नाही. हरकत आहे ती तिच्याशी बोलण्याला. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटलंय, की देव आणि माणसं यांच्यात एकच मध्यस्थ, ख्रिस्त येशू. मग ही दुसरी खिडकी कशाला? कॅथलिक उत्तर असं, की त्याच अध्यायाच्या सुरुवातीला सर्व माणसांसाठी विनंत्या करा असंही सांगितलंय. मी तुला म्हणतो, ‘परीक्षा आहे, माझ्यासाठी प्रार्थना कर’, तेव्हा तू ख्रिस्ताची जागा घेतोस का? मरियेला मी तेच म्हणतो.

प्रॉटेस्टंट म्हणतो, मी जिवंत आहे आणि समोर बसलोय. मरिया नाही. एकाच क्षणी वसईत, मनिलात आणि मेक्सिकोत लाखो लोक तिला हाक मारतात. ते सगळं तिला ऐकू येत असेल, तर तुम्ही तिला देवाचेच कान लावलेत की. आणि बायबलमध्ये निवर्तलेल्या संताला कुणी असं साकडं घातल्याचं एक तरी उदाहरण दाखवा. हा वार नेमका आहे. कॅथलिक म्हणतात, ती स्वतःच्या ताकदीने ऐकत नाही, देव ऐकवतो. आणि बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातले वडील संतांच्या प्रार्थना सोन्याच्या वाट्यांत भरून धरतात, तो प्रसंग दाखवतात. पण थेट उदाहरण मागितलं तर त्यांना परंपरेकडेच जावं लागतं. परंपरा प्रमाण आहे की नाही, हे भांडण मरियेच्याही आधीचं.

दोन्ही बाजू ज्याच्यावर हक्क सांगतात असा एक प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात आहे. काना गावातलं लग्न. ऐन जेवणावळीत द्राक्षारस संपतो. आपल्याकडे पंगत बसलेली असताना आमटी संपली तर मुलीच्या बापाचं काय होईल, तेच तिथे. मरिया येशूला एवढंच सांगते, त्यांच्याकडचा द्राक्षारस संपला. तो म्हणतो, बाई, याचं तुला-मला काय, माझी वेळ अजून आली नाही. ती वाद घालत नाही. नोकरांकडे वळते आणि सांगते, तो सांगेल ते करा. मग सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरले जातात आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कॅथलिक म्हणतो, बघा, आईने शब्द टाकला आणि वेळ आली नसतानाही काम झालं, हीच मध्यस्थी. प्रॉटेस्टंट म्हणतो, मुलाचं उत्तर ऐकलंत ना? आणि तिचं वाक्य ऐका: तो सांगेल ते करा, माझ्याकडे या असं ती म्हणाली नाही. त्या शुभवर्तमानात हे तिचं शेवटचं बोलणं.

आता जपमाळ. पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या, माळेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना सहा वेळा येते आणि ‘नमो मरिया’ त्रेपन्न वेळा. देवाला सहा, मरियेला त्रेपन्न, हा टोमणा प्रॉटेस्टंटांनी बरीच वर्षं वापरला आहे. त्यावर माळ जपणारे सांगतात, की ‘नमो मरिया’ची पहिली अर्धी ओळ लूकच्या शुभवर्तमानातली आहे, देवदूताचं अभिवादन आणि मरियेची नातलग अलिशिबा हिचे शब्द, दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा तेच, आता आणि मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर. शिवाय माळ ओढताना मनात धरायचे असतात ते बहुतेक येशूच्या आयुष्यातले प्रसंग. मला हे उत्तर पटतं. मात्र ‘साल्वे रेजिना’ या मध्ययुगीन प्रार्थनेपाशी मी अडखळतो. तिथे मरियेला ‘आमचं जीवन, आमचा गोडवा, आमची आशा’ म्हटलंय. प्रार्थना सुंदर आहे, पण हे शब्द ऐकून एखादा प्रॉटेस्टंट दचकला, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च तर आणखी पुढे जातं, तिथे उपासनेत ‘परमपवित्र देवजननी, आम्हाला तार’ असंच म्हणतात, आणि तेही आम्ही तिची आराधना करत नाही असंच सांगतात.

भक्तीची भाषा अशीच असते. आपण विठ्ठलाला माउली म्हणतो, ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो, वारीत शेजारून चालणाऱ्या अनोळखी माणसालाही माउली म्हणतो. तिन्ही ठिकाणी शब्द एक, भाव वेगळा, आणि तो कुणी समजावून सांगावा लागत नाही. फक्त ही सवय नसलेला माणूस बाहेर उभा असतो तेव्हा पंचाईत.

शब्दांनी तर या वादात प्रत्यक्ष गोंधळ घातलेला आहे. ७८७ मध्ये निकेआच्या दुसऱ्या परिषदेने मूर्ती आणि चित्रांबद्दल निकाल दिला: त्यांना आदराने वंदन करावं, पण खरी आराधना फक्त देवाची. ग्रीकमध्ये दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द होते, ‘प्रोस्किनेसिस’ आणि ‘लात्रिया’. पण पश्चिमेकडे फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात पोचलेल्या लॅटिन भाषांतरात वंदनाच्या जागी ‘आदोरात्सिओ’ बसला, ज्याचा अर्थ आराधना असा घेतला गेला. दरबारातल्या विद्वानांनी ग्रीकांना मूर्तिपूजक ठरवणारा मोठा ग्रंथ लिहिला आणि ७९४ मध्ये फ्रँकफुर्टच्या परिषदेने तो निकाल धुडकावून लावला. इंग्रजीची तऱ्हा अशीच. ‘वर्शिप’चा जुना अर्थ साधा मान. इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात नवरदेव नवरीला अंगठी घालताना ‘माझ्या देहाने मी तुला वर्शिप करतो’ असं म्हणायचा, आणि ती नवरीची मूर्तिपूजा कुणाला वाटली नाही. मराठीत मिशनऱ्यांनी नमन, भजन, उपासना, आराधना असे जे शब्द उचलले, ते सगळे आधीच देवळात राबलेले. त्यामुळे वसईतल्या मराठी कॅथलिकाला मराठीतच ‘मान हो, पूजा नाही’ समजावताना नाकी नऊ येतात.

तोल कुठे जातो, हे चर्चच्या वरच्या लोकांना ठाऊक नाही असं मुळीच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झालं: मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा की चर्चविषयीच्या दस्तऐवजातलं एक प्रकरण तिला द्यायचं? वेगळा दस्तऐवज म्हणजे तिला चर्चच्या वर बसवल्यासारखं दिसेल, असं एका गटाचं म्हणणं. प्रकरणाच्या बाजूने १,११४ मतं पडली, विरोधात १,०७४. फरक फक्त चाळीस मतांचा! जगभरचे बिशप जमलेले आणि घर असं मधोमध दुभंगलेलं. १९६४ मध्ये तो दस्तऐवज आला, त्याच्या आठव्या प्रकरणात मरियेची भक्ती आणि देवाची आराधना यांत मूलभूत फरक असल्याचं पुन्हा लिहिलं आणि प्रवचनकारांना बजावलं, की अतिशयोक्तीही नको आणि संकुचितपणाही नको.

काही भक्तांची जुनी मागणी होती, की मरियेला ‘सहतारक’ असं अधिकृत बिरुद द्यावं. तिच्यासाठी वर्षानुवर्षं सह्यांचे अर्ज रोमला जात. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने पोप लिओ चौदावे यांच्या संमतीने त्यावर उत्तर दिलं: हे बिरुद वापरणं योग्य नाही. ज्या बिरुदाचा नीट अर्थ कळायला दर वेळी खुलासा करावा लागतो, ते लोकांच्या श्रद्धेच्या उपयोगाचं नाही, असं साधारण कारण दिलंय. मला हे कारण आवडलं. हाच निकष बांद्र्याच्या मेणाच्या पायाला लावला तर काय होईल, हा प्रश्न मात्र मनात आला.

पाय मोडीत निघणार नाही, हे नक्की. गोव्यात म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मरियेचंच, फेस्त (सण) ईस्टरनंतर होतं, तेव्हा तिथे हिंदूही गर्दी करतात. लोककथेत ही सायबीण सात बहिणींपैकी एक, शिरगावच्या लईराई देवीची सख्खी बहीण. बहिणीच्या नात्याने तेल-फुलांची देवाणघेवाण सांगतात. लईराईची बहीण म्हणून आलेल्या बाईसाठी ती देवीच आहे. शेजारी उभ्या कॅथलिक बाईसाठी ती देवाची आई आहे आणि देवी नाही. दोघी आपापली मेणबत्ती पेटवतात, एकीची विझली तर दुसरीच्या ज्योतीवर लावून घेतात आणि बाहेर येऊन खाजं विकत घेतात.